परदेशी जाणाऱ्या मराठी भाषकाची प्राथमिक अरबी

सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील माणसांना पोटासाठी दूरदेशी जाणे नवे नाही. खानापूर-आटपाडीकडील गलाई कारागीर सोनेचांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त देशभर पसरले. साताऱ्याकडील तरुण पलटणीत शिरले आणि पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जाऊन पोहोचले. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात कूत येथे जी फौज वेढ्यात सापडली, तीत मराठा पलटणीही होत्या. पुढे १९७० नंतर तेलाच्या उत्पन्नामुळे आखाती देशांत कामांची रेलचेल झाली, तेव्हा गवंडी, सुतार, वाहनचालक, परिचारिका आणि अभियंते यांचा ओघ तिकडे वळला. या सर्वांना जी भाषा कानी पडते ती अरबी होय. जाण्यापूर्वी ती थोडीबहुत शिकावी असे अनेकांना वाटते. परंतु ती अगदी परकी, पहिल्या अक्षरापासून नवी, अशा समजुतीने बहुतेक जण हात आखडता घेतात.

ही समजूत कितपत खरी आहे, हे प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे. मराठी भाषक अरबीकडे वळतो तेव्हा तो रिकाम्या हाताने जात नाही. फारसीच्या द्वारे आलेले शेकडो अरबी शब्द त्याच्या रोजच्या बोलण्यात आहेत. मात्र हा साठा जितका उपकारक तितकाच फसवा आहे. ज्या शब्दांवर पुढे त्याचा पगार, रजा आणि तक्रार अवलंबून राहणार, नेमक्या त्याच शब्दांचे अर्थ मराठीत पालटलेले आहेत. यास्तव मराठी भाषकासाठी प्राथमिक अरबीची मांडणी वेगळ्या रीतीने करावी लागेल.

१. दप्तरातील आकडे

कोणत्याही भाषेचा पहिला पाठ आकड्यांचा असतो. अरबी आकड्यांचा पाठ आपल्या कारकुनांनी शतकानुशतके गिरवलेला आहे. मराठी दप्तरांत जी 'शुहूर सन' अथवा 'अरबी सन' या नावाची कालगणना आढळते, तिची वर्षे अरबी संख्यावाचकांनी लिहिली जात. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सित, सबा, समान, तिसा, अशर हे एक ते दहा. अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन हे वीस ते नव्वद. मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. 'सन इसन्ने तिसैन मया व अलफ' याचा अर्थ दोन, नव्वद, शंभर व हजार, म्हणजे ११९२. त्यात ५९९ मिळविले की इसवी सन १७९१ येतो. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो तेव्हा सुरू होई, म्हणून त्यास मृगसाल असेही म्हणत.

मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील पत्रे 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त छापली आहेत. ती ज्यांनी चाळली असतील त्यांना 'छ' या खुणेपुढे येणाऱ्या तिथीही परिचित असतील. मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रजब, साबान, रमजान, सवाल, जिल्काद, जिल्हेज हे महिने वेदशास्त्रसंपन्न घराण्यांतील कारकूनही सहज लिहीत असत. यांतील 'रबिलावल' हा शब्द फोडून पाहिला तर 'रबी' आणि 'अल्-अव्वल' असे दोन भाग पडतात. अरबीतील 'अल्' हे निश्चयदर्शक उपपद मराठी दप्तरात असे थिजून राहिले आहे.

आजच्या आखाती बोलीतील आकडे वाहिद, इथ़्नैन, थ़लाथ़ा, अर्बा, ख़म्सा, सित्ता, सबा, थ़मान्या, तिसा, अश्रा असे आहेत. (येथे थ़ हा जिभेचे टोक दातांच्या मध्ये आणून काढावयाचा स आहे.) दप्तरातील रूपांशी त्यांचे साम्य सांगावयास नको. रचनेतही एक सोय आहे. दप्तरात क्रम एकम्, दहम्, शतम्, सहस्र असा होता. आजच्या बोलीत हजार व शेकडा आधी येतात, परंतु त्यानंतर एकक आणि मग दशक हा क्रम कायम आहे. बेचाळीस या शब्दात आपणही आधी दोन आणि मग चाळीस म्हणतो. इंग्रजीच्या सवयीने शिकणाऱ्यास जे उलटे वाटते, ते मराठी भाषकास सरळ वाटावे.

लिहिलेल्या आकड्यांबाबत मात्र सावध असावे. आखाती देशांत दुकानांच्या पाट्यांवर व सरकारी कागदांवर जे अंक वापरतात, त्यांना अरब स्वतः 'हिंदी अंक' म्हणतात. त्यांतील पाच हा आपल्या शून्यासारखा वाटोळा असतो, शून्य म्हणजे केवळ एक टिंब, आणि सहा हा इंग्रजी सातासारखा दिसतो. कागदावरील वेतनाचा आकडा वाचताना ही तीन चिन्हे ज्यास माहीत नाहीत, त्याची फसगत होण्यास अन्य कोणाच्या लबाडीची गरज नाही.

२. उच्चारांचे नियम

अरबी शब्द मराठीत आले ते फारसीच्या मार्गाने, आणि फारसीने त्यांचे अनेक उच्चार आधीच बोथट केले होते. हे बदल नियमबद्ध आहेत. म्हणून ते उलट दिशेने वापरता येतात. त्यांतील चार नियम प्राथमिक अभ्यासकास पुरेसे आहेत.

पहिला नियम शेवटच्या 'त'चा. किंमत, मुदत, तब्येत, फुरसत, इमारत, अमानत, मेहनत या शब्दांतील अंत्य त् अरबी बोलण्यात सहसा ऐकू येत नाही. क़ीमा, मुद्दा, त़बीआ, फुर्स़ा, इमारा, अमाना, मिह़्ना अशी ती रूपे होत. कायदा, फायदा, किल्ला या शब्दांत मराठीनेही त् टाकला आहे.

दुसरा नियम 'ज'चा. हजर, काजी, अर्ज, जामीन, रजा, ऐवज, रमजान या शब्दांतील ज हा अरबीत ज नव्हेच. तो जिभेचा मागील भाग उचलून काढलेला जड द (द़) आहे. ह़ाद़िर, क़ाद़ी, अर्द़, द़ामिन, रिद़ा, इवद़, रमद़ान असे ते शब्द आहेत. आखाती बोलीत हा द आणखी मऊ होऊन दंतमध्य बनतो. परंतु मराठी ज मात्र कोठेच होत नाही.

तिसरा नियम 'स'चा. मराठी स मागे अरबीतील तीन निरनिराळे वर्ण दडलेले असतात. सनद या शब्दातील साधा, साहेब या शब्दातील जड आणि वारस या शब्दातील दंतमध्य. अरबाच्या कानाला हे तीन स्वतंत्र वर्ण आहेत.

चौथा नियम कंठ्य वर्णांचा. 'ऐन' या नावाचा घशातील वर्ण मराठीने टाकून दिला. अक्कल, जमा, नफा या शब्दांत त्याची केवळ जागा उरली आहे. त्याचप्रमाणे घशाच्या तळातून येणारा क़ आणि आपला क हे आपण एकच केले. क़ल्ब म्हणजे हृदय आणि कल्ब म्हणजे कुत्रा. रुग्णालयात काम करू इच्छिणाऱ्या परिचारिकेस हा भेद शिकणे किती अवश्य आहे, हे सांगणे न लगे.

३. धातू आणि साचे

अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो, आणि स्वरांचे व उपसर्गांचे साचे बदलून त्यापासून निरनिराळे शब्द होतात. क-त-ब या लेखनवाचक धातूपासून किताब, कातिब म्हणजे लिहिणारा, आणि मक्तब म्हणजे कचेरी. हा नियम पाठ करण्यापेक्षा आपल्याच शब्दांतून ओळखणे सोपे. मजलस, मशीद आणि जुन्या अठरा कारखान्यांपैकी मुदबखखाना यांतील आरंभीचा म हा स्थळवाचक साच्याचा आहे. मज्लिस म्हणजे बसण्याची, मस्जिद म्हणजे नमन करण्याची आणि मत़्बख़ म्हणजे स्वयंपाक करण्याची जागा. याच साच्यातील मह़्कमा म्हणजे न्यायालय, मस़्ना म्हणजे कारखाना आणि मत़ार म्हणजे विमानतळ. हुकूम, हाकीम व हकीम हे तीन शब्द ज्यास ठाऊक आहेत, त्यास मह़्कमा आणि ह़ुकूमा (सरकार) हे दोन शब्द वेगळे शिकवावे लागत नाहीत.

अरबीतील अनेकवचन हा अभ्यासकांना छळणारा भाग समजला जातो. कारण ते प्रत्यय लावून नव्हे तर शब्दाचे पोट मोडून होते. येथेही आपले दप्तर साहाय्यास येते. खबर याचे अनेकवचन अखबार, अमीर याचे उमराव, हाल याचे अहवाल. साताऱ्याच्या पलटणीतील जवान ज्यास कवायत म्हणतो, ते क़वाइद म्हणजे कायदा या शब्दाचे अनेकवचन होय. मराठीने एकवचन आणि अनेकवचन ही दोन स्वतंत्र कामांस जुंपली. तथापि साचा अभंग राहिला.

४. अर्थ पालटलेले शब्द

येथवर मराठीचा साठा आपणास हात देतो. आता त्याची दुसरी बाजू पाहू. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून १६७७ च्या सुमारास सिद्ध झालेल्या 'राज्यव्यवहारकोशा'त रघुनाथ पंडितांनी सुमारे १३८० शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरीही राज्यकारभाराचे बहुतेक यावनी शब्द मराठीत टिकले. मात्र टिकताना त्यांनी फारसीत व मराठीत नवे अर्थ धारण केले. परदेशी नोकरीच्या कागदावर जे शब्द येतात, त्यांत अशा शब्दांचा भरणा आहे.

करार हा शब्द घ्या. अरबीत क़रार म्हणजे निर्णय, ठराव; आपण ज्यास करार म्हणतो तो अक़्द. रजा म्हणजे अरबीत संमती. सुटीला शब्द आहे इजाज़ा, जो हिंदी-उर्दूत परवानगीच्या अर्थी रूढ झाला. तक्रार म्हणजे अरबीत पुनरावृत्ती. गाऱ्हाण्याला शक्वा म्हणावे लागते. कामगार कचेरीत जाऊन 'तक्रार, तक्रार' म्हणणारा मराठी मनुष्य समोरच्या अधिकाऱ्यास 'पुन्हा, पुन्हा' असे सांगत असतो. रक्कम म्हणजे अरबीत आकडा अथवा क्रमांक. पैशांच्या रकमेला मब्लग़ हा शब्द आहे, आणि तो आपल्या जुन्या कागदांत 'मबलग रुपये' या रूपात भेटतो. नक्कल म्हणजे अरबीत वाहतूक किंवा बदली. मालकाकडील नोकरी दुसऱ्या मालकाकडे वर्ग करण्यास नक़्ल म्हणतात. कागदाची प्रत हवी असल्यास नुस्ख़ा मागावा. सही म्हणजे अरबीत 'बरोबर'. स्वाक्षरीला तौक़ी असा शब्द आहे. गरीब म्हणजे परका, विचित्र; निर्धन मनुष्याला फक़ीर म्हणतात. आणि ज्या धातूपासून आपला अंमलदार आला, त्याच धातूपासून अरबी आमिल, म्हणजे कामगार, हा शब्द झाला आहे.

काही शब्दांनी नाते गमावलेले नाही, ते केवळ झाकले गेले आहे. आपल्याकडे दुधाचा रतीब असतो. अरबीत रातिब म्हणजे ठरलेले मासिक वेतन. (आपला 'पगार' पोर्तुगीजांकडून आला, हे येथे ध्यानात ठेवावे.) आपला मुक्काम आणि आखाती देशांतील वास्तव्याचा परवाना जो इक़ामा, हे दोन्ही एकाच धातूचे. आपण ज्यास जामीन म्हणतो, त्या कल्पनेच्या जवळचा शब्द कफील हा तेथे परदेशी कामगाराच्या पुरस्कर्त्यास लावतात. हक्क, मुदत, शर्त, हिशेब, तारीख, मालक, वकील हे शब्द मात्र अर्थाने जवळजवळ जसेच्या तसे आहेत; उच्चार तेवढा सुधारून घ्यावा.

या भेदांना केवळ कोशकाराच्या कुतूहलाचे मोल नाही. सौदी अरेबियाच्या २००५ च्या कामगार कायद्यानुसार अरबी पाठाबरोबर दुसऱ्या भाषेतील पाठ असला, तरी वादप्रसंगी अरबी पाठच ग्राह्य धरला जातो. म्हणजे कामगाराने इंग्रजीत काय वाचले अथवा दलालाने मराठीत काय सांगितले, यापेक्षा अरबीत काय लिहिले आहे ते निर्णायक ठरते. अक़्द, मुद्दा, रातिब, इजाज़ा आणि नक़्ल हे पाच शब्द ज्यास कागदावर ओळखता येतात, तो संपूर्ण करार वाचू शकेल असे नव्हे. परंतु कोणत्या ओळीवर बोट ठेवून प्रश्न विचारावा, एवढे त्यास निश्चित कळेल.

५. कोणती अरबी?

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात एकाच समाजात एका भाषेची दोन रूपे, एक प्रतिष्ठित व एक घरगुती, कशी नांदतात याचे विवेचन केले. त्यांच्या चार उदाहरणांपैकी एक अरबीचे होते. लेखी अरबी ही सर्व अरब देशांत जवळपास एक आहे. बोलली जाणारी अरबी देशागणिक निराळी. आखातात क़ चा ग होतो, त्यामुळे हृदयास गल्ब म्हणतात. कित्येक ठिकाणी क चा च होतो. आणि कुवेतसारख्या भागात ज चा य ऐकू येतो. पुस्तकातून शिकून गेलेल्यास 'कैफ ह़ालक' हे कुशलप्रश्न अपेक्षित असते. तेथे त्यास 'श्लोनक' असे विचारतात. मराठी कानास पहिल्या प्रश्नात कैफ आणि हाल असे दोन्ही ऐकू येतात. वस्तुतः कैफ म्हणजे 'कसा' आणि हाल म्हणजे केवळ स्थिती.

या दोहोंखेरीज तिसरे एक रूप आहे. अरब मालक आणि हिंदी, पाकिस्तानी, फिलिपिनो कामगार यांच्या व्यवहारातून एक मिश्र बोली घडली, जे. आर. स्मार्ट यांनी १९९० साली तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. 'मा फी मालूम', म्हणजे ठाऊक नाही, हे तिचे नमुनेदार वाक्य. यातील 'मालूम' अरबीच, परंतु आपल्या हिंदीतून फिरून गेलेला. ही देवघेव जुनी आहे. आखाती बोलीत सरळ या अर्थी 'सीदा' म्हणतात, ओमानच्या नाण्यास 'बैसा' म्हणतात, आणि १९५९ पासून काही वर्षे भारताच्या रिझर्व्ह बँकेने छापलेला खास रुपया आखातात चलन म्हणून चालत होता.

ही मिश्र बोली तेथे गेल्यावर पंधरा दिवसांत अंगवळणी पडते. तीसाठी आगाऊ अभ्यासाची गरज नाही. परंतु तिच्यात क्रियापद पुरुषानुसार व काळानुसार बदलत नाही. बाजारात तेवढ्याने भागते. 'मालकाने तीन महिन्यांचे वेतन दिलेले नाही' आणि 'मालक वेतन देत नाही' या दोन विधानांतील भेद जेथे महत्त्वाचा असतो, तेथे ती अपुरी पडते. म्हणून निदान भूतकाळाची सहा-सात रूपे तरी शुद्ध शिकून जावीत.

६. पाठांचा क्रम

वरील विवेचनावरून मराठी भाषकासाठी अभ्यासाचा क्रम असा सुचवता येईल. आरंभ आकडे, अंक व महिने यांपासून करावा. त्यांस एक आठवडा पुरे. दुसऱ्या व तिसऱ्या आठवड्यात लिपी. तिची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. मोडीप्रमाणेच येथे अक्षरे एकमेकांत गुंतलेली असतात, आणि मोडीत जसा ऱ्हस्व-दीर्घाचा भेद वाचकाने संदर्भाने भरून काढावयाचा असे, तसेच येथे ऱ्हस्व स्वर वाचकानेच पुरवावयाचे असतात. चौथ्या आठवड्यात उच्चारांचे चार नियम, पाचव्यात धातू व साचे, सहाव्यात अर्थ पालटलेले व न पालटलेले शब्द यांच्या दोन स्वतंत्र याद्या, आणि शेवटचे दोन आठवडे ज्या देशी जावयाचे तेथील बोलीचे श्रवण. दररोज एक तास याप्रमाणे आठ आठवड्यांत एवढे साधावयास हरकत नाही.

या कामी साहित्य आपल्या ग्रंथालयांत आहे. मोल्सवर्थच्या कोशाने शब्दाशब्दापुढे अरबी मूळ असल्यास तशी खूण केली आहे. माधवराव पटवर्धनांचा 'फार्शी-मराठी कोश' १९२५ पासून उपलब्ध आहे. या दोहोंतून नोकरी, वेतन, आजार, प्रवास व न्याय यांविषयीचे दोनतीनशे शब्द निवडून प्रत्येकापुढे मराठी अर्थ, अरबी अर्थ आणि आखाती उच्चार असे तीन रकाने मांडले, तर परदेशी जाणाऱ्याच्या खिशात मावेल अशी पुस्तिका तयार होईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधिकेसाठी घ्यावा असा हा विषय आहे. शब्दांच्या अर्थांतराचा अभ्यास आपण आजवर इतिहासाचे अंग म्हणून करीत आलो. त्याच अभ्यासाने तासगावच्या वा कोरेगावच्या एखाद्या तरुणास सही करण्यापूर्वी कागदावर काय लिहिले आहे ते कळावे, यात विद्येची कोणतीही उणीव होत नाही.